एचपीव्ही लसीबद्दल डॉक्टरांना काय आणि कसं विचारावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी साडेअकरा वर्षांची. दुसऱ्याच कारणासाठी तिला डॉक्टरांकडे नेलं होतं, निघता निघता ते म्हणाले, "एचपीव्हीची लसही देऊन टाका आता." तुम्ही "बघू" म्हणून घरी आलात. तिचे बाबा म्हणतात एवढ्यात काय घाई आहे, आजींना तर असली लस एवढ्याशा मुलीला द्यायची हेच पटत नाही, आणि तुमच्या मनात कुठेतरी ऐकलेलं बसलंय की या लसीमुळे पुढे मूल व्हायला अडचण येते. तुम्ही स्वतः अडतीस वर्षांच्या, तेव्हा मीही घ्यावी का, हा प्रश्न आहेच. धाकटा मुलगा आठ वर्षांचा. आणि शेवटी विचारलंय की हे सगळं डॉक्टरांपुढे मांडायचं कसं, त्यांना अविश्वास दाखवल्यासारखं तर वाटणार नाही ना.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. मुलींना ही लस, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरची लस, देते, आणि ज्यांच्या तपासणीत गर्भपिशवीच्या तोंडाशी काहीतरी सापडलंय अशा बायकांवर उपचारही करते. त्यामुळे या विषयाची दोन्ही टोकं रोज माझ्यासमोर असतात. लस द्यावी का, याचं माझं उत्तर लपवून ठेवत नाही: तब्येत चांगली असलेल्या साडेअकरा वर्षांच्या मुलीला मी ती देईन, आणि पुढे न ढकलता देईन. पण मी तुमच्या मुलीला पाहिलेलं नाही. तिचा इतिहास मला माहीत नाही. म्हणून माझ्या शब्दावर न जाता तुमच्या डॉक्टरांशी नीट बोलून ठरवा, आणि ते बोलणं नीट व्हावं म्हणूनच हे लांबलचक उत्तर.

माझ्या मते तुमची खरी अडचण माहिती नसण्याची नाही. खरा प्रश्न तोंडातून बाहेर पडत नाही, ही आहे. आई येते, बसते, विचारते, "साइड इफेक्ट काही नाहीत ना?" डॉक्टर म्हणतात, "नाही, सुरक्षित आहे." संपलं. दोघांनाही वाटतं बोलणं झालं. पण तिला विचारायचं होतं, "माझ्या मुलीला पुढे दिवस जायला त्रास होईल का?" तिला विचारायचं होतं, "हा विषाणू शरीरसंबंधातून येतो म्हणतात, मग अकरा वर्षांच्या पोरीला का?" मग दाराची कडी हातात असताना ती वळते आणि म्हणते, "डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं..." तोवर पुढचा पेशंट आत यायला निघालेला असतो. जे शेवटच्या अर्ध्या मिनिटात विचारलं जातं तेच बहुतेक वेळा मुख्य असतं.

तेव्हा सगळ्यात अवघड प्रश्न सगळ्यात आधी विचारा, आणि तुमच्या मनात तो ज्या शब्दांत आहे त्याच शब्दांत. "मला वंध्यत्वाची भीती वाटते" हे वाक्य अगदी पुरेसं आहे. अविश्वासाचं म्हणाल, तर स्पष्ट विचारणाऱ्या आईचा मला कधी राग आलेला नाही. उलट "बघू" म्हणून जाणाऱ्या आईला नेमकं काय खुपतंय हे मला कळतच नाही, आणि न कळलेल्या शंकेला उत्तर तरी काय देणार? सुरुवात कशी करावी सुचत नसेल तर अशी करा: "डॉक्टर, मला लस द्यायला हरकत नाही, पण तीन गोष्टींनी मन अडकलंय. त्या आधी सांगते."

दुसरं, या बोलण्यासाठी वेगळी वेळ मागा. ताप-खोकल्याच्या गर्दीत हा विषय उरकण्यासारखा नाही. फोनवर वेळ घेतानाच सांगा की एचपीव्ही लसीबद्दल बोलायचंय, दहा मिनिटं लागतील. त्या दिवशी लस घेतलीच पाहिजे असंही नाही, पण मन तयार झालं तर त्याच भेटीत घेता यावी म्हणून लस उपलब्ध आहे का ते आधी विचारून ठेवा. तिच्या बाबांना शक्य असेल तर बरोबर न्या. घरी जाऊन डॉक्टरांचं म्हणणं दुसऱ्याला समजावताना निम्मं हरवतं, आणि समजावणाऱ्यावरच वाद येऊन पडतो. मुलीला मात्र पहिली पाच मिनिटं बाहेर बसवा आणि नंतर आत बोलवा. तिच्यासमोर तुम्ही मोकळेपणाने विचारणार नाही, आणि तिला पूर्ण वगळलं तर तिच्या दंडात सुई टोचायची आणि तिला कशासाठी ते माहीत नाही असं होईल.

आता डॉक्टरांना तुमच्याकडून काय हवं असतं ते सांगते, कारण हे बोलणं दोन्ही बाजूंनी असतं. "हिला लस चालेल ना?" एवढ्यावर डॉक्टर फक्त सर्वसाधारण उत्तर देऊ शकतात. उत्तर बदलणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत. आधी कुठल्या लसीनंतर किंवा औषधानंतर अंगावर गांधी उठून श्वास लागला होता का, चेहरा सुजला होता का? यीस्टची तीव्र ॲलर्जी आहे का? यातल्या काही लसी यीस्टच्या पेशींमध्ये तयार होतात म्हणून हे विचारतात. प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार आहे का, किंवा तशी औषधं चालू आहेत का, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधं, एचआयव्ही? असेल तर लस नाकारली जात नाही, उलट ती जास्तच गरजेची ठरते, पण डोसांचा हिशोब बदलतो. रक्त न गोठण्याचा त्रास असेल तर सांगा, कारण इंजेक्शन स्नायूत असतं. आणि सुई पाहून मुलीला भोवळ येते का, हेही सांगा. ते किरकोळ वाटतं, पण नाही. त्याकडे पुढे येते.

मुलीची नेमकी जन्मतारीखही महत्त्वाची. पंधरावा वाढदिवस ही अनेक वेळापत्रकांमधली सीमारेषा आहे. त्याआधी सुरुवात केली तर कमी डोसांत भागतं. साधी सर्दी, किरकोळ खोकला किंवा मासिक पाळी चालू असणं यांनी काही अडत नाही. अंगात चांगलाच ताप असेल तर बरं वाटेपर्यंत थांबतात. वयाप्रमाणे दुसरी एखादी लस द्यायची असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात देता येते.

आता तो न विचारलेला प्रश्न: एवढ्या लहान वयात का?

एचपीव्ही हा एकच विषाणू नाही. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. त्यातले बरेचसे हातापायांवर साध्या चामखिळी आणतात आणि सोडून देतात. साधारण चौदा प्रकार मात्र कर्करोगाशी जोडलेले आहेत. त्यातही १६ आणि १८ हे दोन सगळ्यात वाईट. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपैकी जवळपास ७० टक्के या दोघांमुळे होतात. कॅन्सर आणि या विषाणूचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउसेन यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिला आणि २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. विषाणू जननेंद्रियांच्या त्वचेच्या संपर्कातून पसरतो. कंडोमने धोका कमी होतो, पूर्ण जात नाही. आणि तो इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. यात वागणुकीचा किंवा चारित्र्याचा प्रश्न नाही. लग्नानंतर एकाच जोडीदाराबरोबर राहिलेल्या माझ्या कितीतरी पेशंटना तो झालेला आहे.

बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्या जणींमध्ये टिकून राहतो, पेशींमध्ये बदल घडवतो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. आता लस इथे कुठे बसते ते पाहा. ती विषाणूला शिरू देत नाही. शिरलेल्याला बाहेर काढू शकत नाही. म्हणून ती संपर्क येण्याच्या बरीच आधी द्यायची, इतकं साधं कारण आहे. "मुलगी एवढ्यात काही करणार नाही" असं आई म्हणते तेव्हा मी म्हणते, म्हणूनच तर आत्ता. शिवाय नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींचं शरीर या लसीला मोठ्यांपेक्षा जास्त जोरदार प्रतिसाद देतं. कमी डोसांत भागतं ते त्यामुळेच.

वयाने किती फरक पडतो हे इंग्लंडच्या आकड्यांत दिसतं. तिथे २००८ पासून मुलींना लस देताहेत आणि २०२१ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा-तेरा वर्षांच्या असताना ज्यांना लस मिळाली त्या गटात गर्भाशयमुखाच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या, कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. चौदा ते सोळा या वयात मिळालेल्यांमध्ये ६२ टक्क्यांनी, आणि सोळा ते अठरा या वयात मिळालेल्यांमध्ये ३४ टक्क्यांनी. लस तीच. फरक फक्त कधी दिली याचा. स्कॉटलंडमध्ये बारा-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींच्या गटात २०२४च्या अभ्यासापर्यंत पसरणाऱ्या कॅन्सरची एकही नोंद नव्हती. तिच्या बाबांचा प्रश्न "काय घाई आहे" असा आहे ना, त्यांना हे आकडे दाखवा. मी माझ्याकडे येणाऱ्या वडिलांना हेच दाखवते, आणि बहुतेक वेळा पुढचा प्रश्न "मग डोस किती?" असाच असतो.

लस दिली की मुली बिघडतात, त्यांना जणू परवानगी मिळते, हीही भीती असते. आजींच्या मनात बहुधा तीच असावी. यावर वेगवेगळ्या देशांत अभ्यास झाले आहेत आणि लस घेतलेल्या मुलींच्या वागण्यात तसा फरक आढळलेला नाही. आजींना हे कॅन्सरपासून वाचवणारी लस म्हणूनच सांगा. ते पूर्ण सत्य आहे, त्यात काही लपवल्यासारखं नाही.

आता सुरक्षिततेकडे. "सुरक्षित आहे का?" या प्रश्नाचं "हो" हे उत्तर बरोबर असलं तरी त्याने मन निवत नाही. त्याऐवजी डॉक्टरांना विचारा, "इंजेक्शन दिल्यावर पुढच्या दोन दिवसांत काय काय होऊ शकतं, आणि त्यातलं कशासाठी तुम्हाला फोन करू?" या प्रश्नाला "हो" म्हणून सुटका नाही, तपशिलात उत्तर द्यावंच लागतं.

माझं उत्तर असं असतं. या लसीत जिवंत किंवा मेलेला, कुठलाच विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं प्रथिन प्रयोगशाळेत तयार करतात. ते आपोआप जुळून विषाणूसारखा गोळा बनतो, पण आत जनुकं नसतात. दाणा नसलेली शेंग म्हणा. त्यातून काही उगवणं शक्य नाही, त्यामुळे लसीमुळे एचपीव्हीची लागण होत नाही आणि कॅन्सरही होत नाही. शरीर फक्त ते कवच ओळखायला शिकतं. दंड दुखतो, हे जवळजवळ सगळ्यांना. लाली, सूज येते. काहींना एखादा दिवस कणकण, डोकेदुखी, थकवा. जिवावर बेतेल अशी तीव्र ॲलर्जी फार क्वचित, दर दहा लाख डोसांमागे एक-दोन इतकी, आणि ती बहुतेक वेळा काही मिनिटांतच दिसते. त्यासाठी लागणारं औषध लस देणाऱ्याच्या हाताशी असायलाच हवं. आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

आणि भोवळ. या वयाच्या मुलींना कुठल्याही इंजेक्शननंतर चक्कर येण्याचं प्रमाण इतर वयांपेक्षा जास्त असतं. चक्कर निरुपद्रवी असते, पण पडून डोक्याला लागलं तर ती खरी इजा. म्हणून लस बसून किंवा आडवं होऊन घ्यायची आणि नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसायचं. माझ्याकडे या पंधरा मिनिटांत मुलीला एकटं उठू देत नाही, पाणी प्यायलाही नाही. ज्या मुलीला आधी कधी भोवळ आली आहे तिला मी आडवं करूनच टोचते. सकाळी उपाशीपोटी आणू नका.

वंध्यत्वाबद्दल तुम्हाला वाटणारी भीती मी रोज ऐकते, आणि ती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. मुलीच्या आईला याहून मोठी काळजी कुठली असणार? मोठ्या लोकसंख्यांवर तपासून पाहिलं गेलं आहे: लस घेतलेल्यांमध्ये अंडाशय लवकर निकामी होण्याचं किंवा मूल न होण्याचं प्रमाण जास्त आढळलेलं नाही. उलट बाजू माझ्या टेबलावर दिसते. गर्भपिशवीच्या तोंडाशी कॅन्सरपूर्व बदल वाढले की तिथला भाग कापून काढावा लागतो. अशा शस्त्रक्रियेनंतर पुढच्या गरोदरपणात वेळेआधी कळा येण्याचा धोका थोडा वाढतो. आणि कॅन्सरच झाला तर अनेकदा पिशवी काढावी लागते किंवा रेडिएशन द्यावं लागतं. मूल होण्याची क्षमता जपायची असेल तर लस त्या बाजूची आहे.

भीती पसरली की काय होतं याचं उदाहरण जपानचं. २०१३ मध्ये लसीनंतर काही मुलींना वेदना आणि हालचालींचे त्रास झाल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने लसीची शिफारस करणं थांबवलं. सुमारे ७० टक्के मुली लस घेत होत्या, ते प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. नागोया शहरात हजारो मुलींकडून माहिती घेऊन तपासलं तेव्हा लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींमध्ये त्या त्रासांचं प्रमाण वेगळं आढळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या लस सुरक्षा समितीने २०१७ मध्ये, जगभर २७ कोटींहून जास्त डोस वाटले गेल्यानंतर, ही लस अत्यंत सुरक्षित असल्याचं सांगितलं. जपानने पूर्ववत शिफारस सुरू केली ती २०२२ मध्ये. मधल्या नऊ वर्षांत ज्या मुली राहून गेल्या त्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही.

कुठली लस आणि किती डोस, इथे मात्र उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. दोन प्रकारांवरची, चार प्रकारांवरची आणि नऊ प्रकारांवरची अशा लसी आहेत. सगळ्यांत १६ आणि १८ आहेतच. चारवाल्यांमध्ये ६ आणि ११ ची भर असते, जे जननेंद्रियांवरच्या चामखिळींना कारणीभूत असतात. नऊवालीत आणखी पाच कॅन्सरकारक प्रकार येतात आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ९० टक्क्यांना कारणीभूत प्रकार तिच्या कक्षेत येतात. परवडत असेल आणि मिळत असेल तर नऊवाली घ्या असं मी सांगते. पण ती मिळेपर्यंत वर्ष-दोन वर्षं थांबू, असं कोणी म्हणालं तर मी ठामपणे नको म्हणते. आज मिळणारी लस वेळेवर घेतलेली चांगली. डॉक्टरांना विचारा, "तुमच्याकडे कुठली आहे आणि तुम्ही तीच का सुचवताय?"

डोसांबद्दल घोळ होण्याचं कारण असं की सल्ला बदलत गेला आहे आणि देशोदेशी वेगळा आहे. सुरुवातीला सगळ्यांना तीन डोस होते. मग पंधरा वर्षांखालील मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन पुरेसे ठरले. पुढे एकाच डोसाचा प्रश्न आला. भारतात २००९ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २०१० मध्ये लसीकरण मध्येच थांबवावं लागलं आणि हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही जवळजवळ तितकंच संरक्षण दिलं होतं. केनियातल्या अभ्यासातही तसंच आढळलं. डिसेंबर २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना नऊ ते वीस वर्षांच्या मुलींना एक किंवा दोन डोस चालतील असं सांगते, एकविसाव्या वर्षापासून दोन, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना किमान दोन, शक्य असल्यास तीन. त्यामुळे तुमचे डॉक्टर दोन म्हणाले आणि मैत्रिणीच्या मुलीला एकच दिला असेल तर कोणी फसवतंय असं नाही. विचारा: "तुम्ही कुठल्या वेळापत्रकाप्रमाणे देता?" मी स्वतः एकट्या मुलीला दवाखान्यात लस देताना पंधराच्या आत दोन डोस देते. पण दुसरा डोस कुठल्याही कारणाने राहून गेला तर पहिला वाया गेला, असं मानत नाही.

मुलीला काय सांगायचं? थोडकं आणि खरं. "एक विषाणू असतो, मोठेपणी जवळजवळ सगळ्यांना होतो, त्याने कधी कधी कॅन्सर होतो. ही लस तो आधीच अडवते." साडेअकरा वर्षांच्या मुलीला एवढं नीट समजतं. ती विचारेल तेवढंच पुढे सांगा. तिने "तो कसा होतो?" असं विचारलं आणि तुम्हाला अवघडल्यासारखं झालं तर डॉक्टरांना सांगायला सांगा, आमचं ते कामच आहे. माझ्याकडच्या बहुतेक मुलींना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: दुखेल का? थोडं दुखतं, हेच सांगा. दुखणार नाही म्हणून सांगितलं तर दुसऱ्या डोसला ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

धाकट्याचं: लस नवव्या वर्षापासून देतात, त्यामुळे आत्ता घाई नाही, पण विषय बंदही करू नका. हा विषाणू मुलग्यांनाही होतो. घशाच्या मागच्या भागाचा, गुदद्वाराचा आणि लिंगाचा कॅन्सर आणि चामखिळी त्यांच्यात होऊ शकतात. अनेक देश मुलग्यांनाही लस देतात. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्येच सुरुवात केली. लस अपुरी असेल तिथे आधी मुलींना, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता तुम्ही स्वतः. अडतीसाव्या वर्षी लस चुकीची नाही. काही देशांत पंचेचाळीसपर्यंत तिला परवानगी आहे. पण या वयात फायदा बराच कमी असतो, कारण विषाणूशी गाठ पडून गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. नवा जोडीदार येण्याची शक्यता असेल तर फायदा वाढतो, आणि हे खासगी असलं तरी डॉक्टरांना सांगण्यासारखं आहे. लस घेण्याआधी एचपीव्हीची तपासणी करावी लागते असा एक समज आहे. लसीसाठी तशी गरज नसते. दिवस गेलेले असतील तर लस पुढे ढकलतात, अंगावर पाजत असाल तर चालते.

मात्र तुमच्यासाठी मी क्रम उलटा लावेन. आधी तपासणी. तुम्ही प्रश्नात लसीबद्दल इतकं विचारलंत आणि स्वतःच्या तपासणीचा उल्लेख कुठेच नाही, हे वाचून मला मुलीपेक्षा तुमची काळजी वाटली. तिशीनंतर गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी प्रत्येकीने करायला हवी. त्यासाठी एचपीव्हीची चाचणी किंवा पॅप तपासणी, म्हणजे तिथल्या पेशींची तपासणी, असते. पातळ ब्रशने दोन मिनिटांत नमुना घेतात. काही ठिकाणी बाई स्वतःच नमुना घेऊ शकते, तशी सोय आहे का विचारा. चाचणीत विषाणू दिसला म्हणजे कॅन्सर नव्हे. मग आम्ही दुर्बिणीतून पाहतो, गर्भपिशवीच्या तोंडावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावतो, आणि बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटाभरात पांढरा दिसू लागतो. तो टप्पा पूर्ण बरा होणारा असतो, बऱ्याचदा बाईला त्याच दिवशी घरी जाता येतं. तपासणी न केलेली बाई त्रास होऊ लागल्यावर येते तेव्हा चित्र फार वेगळं असतं. संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसणं, सतत वास येणारा स्राव, यातलं काहीही असेल तर लसीचा विषय बाजूला ठेवून या आठवड्यातच दाखवा. आणि लस घेतलेल्या मुलीलाही मोठेपणी ही तपासणी करावीच लागेल, कारण कुठलीच लस सगळे प्रकार अडवत नाही.

हे सगळं विचारल्यावर डॉक्टर वैतागले, किंवा "एवढं काय विचारायचं, घेऊन टाका" एवढंच म्हणाले तर? तेव्हाही लस वाईट ठरत नाही. दुसऱ्या डॉक्टरांकडे जा. बालरोगतज्ज्ञ, फॅमिली डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ, कुणीही ही लस देऊ शकतं. आणि एखादे डॉक्टर "गरज नाही, लग्नाआधी बघू" असं म्हणाले तर त्यांना कारण विचारा. तुमच्या मुलीच्या तब्येतीशी जोडलेलं कारण असेल तर ऐका. तसं कारण नसेल तर दुसरं मत घ्या, कारण थांबण्याने काय जातं ते इंग्लंडच्या आकड्यांत आलंच आहे.

घ्यायचं ठरलं तर त्या दिवशी आणखी दोन गोष्टी करा. टोचण्याआधी कुपी किंवा भरलेली सिरिंज दाखवायला सांगा, लसीचं नाव आणि मुदत वाचा. ती फ्रीजमधून काढलेली असायला हवी. मग कार्डावर तारीख, लसीचं नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दुसरा डोस शक्यतो त्याच लसीचा घेतात. ती मिळाली नाही किंवा पहिली कुठली होती ते कळलं नाही तर दुसऱ्या एचपीव्ही लसीने पूर्ण करता येतो. उशीर झाला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. आणि त्याच फोनवर, तिच्या दुसऱ्या डोसची तारीख घेताना, तुमच्या तपासणीचीही वेळ मागून घ्या.